विश्लेषण : खान्देशातील किल्ल्यांवर मराठ्यांच्या यादवीच्या कोणत्या खुणा आहेत? त्या कशा पाहायच्या?

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यातील अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतला एकही किल्ला त्या यादीत नाही. सर्वांत जवळचा साल्हेर, तोही नाशिक जिल्ह्यात. खान्देशातले किल्ले उंचीने, बांधणीने त्या बाराच्या पंगतीत बसणारे नाहीत, हे मान्यच करावे लागेल. मात्र मराठी सत्ता उभी कशी राहिली हे रायगड-राजगडावर कळते, तसे ती आपसात लढून कशी मोडली हे थाळनेर, पारोळा, अंमळनेर आणि जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत कळते. या दुसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणी फिरकत नाही.

यादवी म्हणजे नेमकी कोणती?

सवाई माधवरावांचा मृत्यू ऑक्टोबर १७९५ मधला. त्यांच्यामागे पेशवेपद कोणाला, यावरून पुण्यात जो घोळ सुरू झाला तो दुसरा बाजीराव गादीवर आल्यावरही मिटला नाही. त्याच सुमारास होळकरांचे घर फुटले. अहिल्याबाई ऑगस्ट १७९५ मध्ये गेल्या, तुकोजी होळकर १७९७ मध्ये. तुकोजींच्या मुलांच्या भांडणात दौलतराव शिंद्यांनी हात घातला. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकरांना ठार केले. यशवंतराव आणि विठोजी हे दोघे भाऊ निसटले. विठोजी पुढे पकडले गेले आणि १८०१ मध्ये बाजीरावांच्या हुकमाने पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी दिले. यशवंतरावांनी १८०२ मध्ये पुण्यावर चाल केली आणि २५ ऑक्टोबर रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. पुढचे सगळे त्या तहातून निघाले.

आपसातल्या लढाईची हीच पहिली वेळ नव्हती. १७६८ मध्ये धोडपच्या किल्ल्यापाशी थोरल्या माधवरावांनी आपल्याच चुलत्याला, रघुनाथरावांना हरवून शनिवारवाड्यात कैदेत ठेवले होते. धोडप आज नाशिक जिल्ह्यात, खान्देशच्या वेशीवर आहे. मात्र १७६८ च्या भांडणाची झळ प्रामुख्याने दरबाराला लागली. १८०२ च्या भांडणाची झळ गावांना लागली.

खान्देशच का भरडला गेला?

नकाशा उघडला की उत्तर मिळते. शिंदे आणि होळकर यांची ठाणी माळव्यात, पेशवे पुण्यात. माळव्यातून दख्खनेत उतरायचे तर सातपुडा ओलांडून तापीचे खोरे पार करावे लागते. सेंधव्याचा घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव हीच ती वाट. आजचा मुंबई-आग्रा महामार्ग साधारण तिच्यावरूनच जातो. शिवाय या मुलखात शिंदे, होळकर आणि पेशवे या तिघांचेही परगणे एकमेकांत मिसळलेले होते. एकाचा मुलूख जाळताना शेजारचे शिवार दुसऱ्याचे असे, पण धग सगळ्यांनाच लागे.

त्या काळच्या फौजांना पगार वेळेवर मिळत नसे. शिपाई वाटेतल्या गावावर जगत. यशवंतराव होळकरांनी पुढे १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेची दाणादाण उडवली, त्यामुळे आज त्यांची आठवण इंग्रजांशी झुंजलेला वीर म्हणून काढली जाते आणि ती रास्तच आहे. त्यांच्या १८०२ च्या वाटेवरच्या खेड्यांची आठवण मात्र वेगळी असणार. त्या वर्षी शेते पेरली गेली नाहीत. १८०३ मध्ये पावसाने दगा दिला. लूट आणि दुष्काळ एकावर एक आले आणि गावेच्या गावे उठली.

धुळे शहर त्यातलेच एक. इंग्रजी राजवटीत १८८० मध्ये छापलेल्या खान्देश गॅझेटियरनुसार १८०३ च्या दुष्काळात धुळे पूर्ण ओस पडले होते. पुढच्या वर्षी विंचूरकरांचा कारभारी बाळाजी बळवंत याने ते पुन्हा वसवले. पांझरेकाठचे ‘जुने धुळे’ पाहायला जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की ते जुने असले तरी १८०४ मध्ये दुसऱ्यांदा वसलेले आहे. आणि धुळ्याच्या प्रसिद्ध नंबरवारी गल्ल्या ज्या नव्या भागात आहेत, त्याची आखणी इंग्रजांचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास सुरू केली. एका शहराच्या दोन भागांत पंधरा वर्षांचे अंतर, आणि त्या पंधरा वर्षांत एक राज्य बुडाले.

थाळनेरला काय घडले?

खान्देशातल्या या सगळ्या जागांपैकी एकच पाहायची असेल तर थाळनेर पाहावे. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. आज ते शांत असले तरी एके काळी ही खान्देशची राजधानी होती. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला हा भाग दिला आणि त्यातून फारुकी घराणे उभे राहिले. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याने थोरल्या नसीर खानाला राज्य आणि धाकट्या इफ्तिकारला थाळनेर दिले होते. १४१७ मध्ये थोरल्याने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन धाकट्याकडून थाळनेर हिसकावले. म्हणजे घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलावण्याचा धडा या किल्ल्याने बाजीरावांच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी गिरवला होता. फारुकींच्या दगडी कबरी गावात आजही उभ्या आहेत. त्यांतली अष्टकोनी कबर तिच्या कोरीवकामासाठी थांबून पाहावी अशी आहे.

पण थाळनेरचे नाव लंडनच्या संसदेपर्यंत पोहोचले ते २७ फेब्रुवारी १८१८ च्या दिवसामुळे.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला. त्यात थाळनेर होते. सर थॉमस हिस्लॉप आपली फौज घेऊन दक्षिणेकडे परतत होता. वाटेत थाळनेर सहज ताब्यात येईल अशी त्याची समजूत होती, पण किल्ल्यातून गोळ्या आल्या. हिस्लॉपने किल्लेदाराला निरोप पाठवला : तुझ्या मालकानेच किल्ला दिलेला आहे, आता लढलास तर बंडखोर समजून वागवू. उत्तर आले नाही. तोफा लागल्या.

किल्ल्यात शिरायला एकामागोमाग एक असे पाच दरवाजे होते, वळणावळणाने. पहिल्या दोन दरवाज्यांतून इंग्रज फारसा विरोध न होता आत गेले. तिसऱ्यापाशी किल्लेदार तुळशीराम मामा काही लोकांसह स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. चौथा दरवाजा उघडाच होता. पाचवा बंद होता आणि त्यामागे अरब शिपाई होते. अटी काय, यावर दिंडीतून बोलणे झाले. दिंडी उघडली. मेजर गॉर्डन, लेफ्टनंट कर्नल मरे आणि मोजके शिपाई आत शिरले, आणि तिथे तलवारी चालल्या. गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले, मरे जखमी झाला. चिडलेल्या इंग्रज फौजेने मग आतल्या अडीचशे ते तीनशे जणांपैकी जवळजवळ कोणालाही सोडले नाही. आणि त्याच दिवशी, आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी दिले.

हा दगा होता की गैरसमज? त्या काळच्या इंग्रज वर्णनांतच दोन्ही बाजू सापडतात. अरबांना मराठी-हिंदुस्तानी नीट येत नव्हती, इंग्रजांना अरबी येत नव्हती, आणि दिंडीतून काय ठरले हे दोन्ही बाजूंनी वेगवेगळे समजले असणे अगदी शक्य आहे. किल्लेदाराबाबत तर एवढा संशयही राहत नाही. चकमक झाली तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता. बंडखोर म्हणून ताकीद दिली होती, हा हिस्लॉपचा बचाव. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जलाही तो पुरेसा वाटला नाही आणि त्याने खुलासा मागवला. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत या युद्धातील सेनानींच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरवरून चर्चा झाली. हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण किल्लेदाराच्या फाशीला हा ठराव लागू नाही, अशी पुस्ती जोडून. एका मराठी किल्लेदाराच्या मरणावर लंडनमध्ये असे वाक्य लिहावे लागले, हे आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत कुठे येत नाही.

आज किल्ल्याचा बराच भाग ढासळलेला आहे. नदीच्या बाजूने पडके तट आणि बुरूज दिसतात, बाकी मातीचे उंचवटे. पाच दरवाजे मोजायला गेल्यास निराशा होईल. तरी नदीकाठाने खाली उतरून वर पाहिले, की ही जागा किल्ल्यासाठी का निवडली हे शब्दांशिवाय समजते. सुरत ते बुऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता याच खोऱ्यातून जात असे.

अरब शिपाई इथे आले कुठून?

मराठी सरदारांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अरब शिपाई मोठ्या प्रमाणात ठेवले. ते शूर आणि करारी होते, आणि महाग. पगार थकला की ते सरदारालाच कर्ज दिल्यासारखे वागत आणि वसुलीसाठी किल्ला अडवून बसत. पेशवाई बुडाल्यावर खान्देशात इंग्रजांना खरा विरोध झाला तो यांचा. मालेगावच्या भुईकोट किल्ल्यासाठी मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर वेढा पडला आणि इंग्रजांकडचे दोनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तो किल्ला नारोशंकरांनी बांधलेला. त्या वेळी मालेगाव खान्देशातच होते. आज त्या किल्ल्यात शाळा भरते.

मालेगावलाही घोळ झाला तो भाषेचाच. शरणागतीच्या अटींचा कागद मराठीत लिहिला गेला. मुनशीने त्यात अरबांचे जे जे हिताचे ते करू अशा अर्थाची सैल भाषा वापरली. अरबांनी ती शब्दशः धरली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना, दिलेला शब्द म्हणून, मनात होते त्याहून बरेच अधिक द्यावे लागले. थाळनेरला न समजलेल्या बोलण्याने तीनशे माणसे गेली. मालेगावला न तपासलेल्या मसुद्याने वाचली.

अंमळनेरचा किल्ला बोरी नदीच्या काठी होता. तिथेही अली जमादाराच्या हाताखालचे अरब १८१८ अखेरपर्यंत टिकून होते. फौज येऊन नदीकाठी ठाण मांडल्यावर त्यांनी शस्त्रे ठेवली. अंमळनेरला जाणारे बहुतेक लोक सखाराम महाराजांच्या समाधीसाठी किंवा साने गुरुजींनी शिकवलेली प्रताप हायस्कूलची शाळा पाहण्यासाठी जातात. त्यांनी जाता जाता गावातला दगडी दरवाजाही पाहावा. त्याखालून रोज रहदारी चालते.

पारोळ्याचे झाशीशी नाते काय?

धुळ्याहून जळगावच्या वाटेवर पारोळा लागते. गावाच्या मध्यात खंदकासह भुईकोट किल्ला आहे, आणि धुळे-जळगाव परिसरातल्या भुईकोटांत तो सर्वांत पाहण्याजोगा आहे. हरी सदाशिव दामोदर या जहागिरदाराने तो १७२७ मध्ये बांधला असे गॅझेटियर सांगते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या जहागिरीचा संबंध होता. राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे लोक इथले, असे गावात अभिमानाने सांगितले जाते.

१८२१ मध्ये ब्रिग्जला ठार मारण्याचा एक प्रयत्न पारोळ्यात झाला. त्यामागे गावचे मालक लालभाऊ असल्याचा संशय धरून इंग्रजांनी गाव त्यांच्याकडून काढून घेतले. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, झाशीशी असलेल्या नात्याचा ठपका ठेवून किल्लाही जप्त झाला आणि त्याची मोडतोड करण्यात आली. आज दिसणारी पडझड काळाने केलेली आहे तशी सरकारी हुकमाने केलेलीही आहे. किल्ला पाहताना हा फरक शोधावा. पावसाने पडलेली भिंत आणि सुरुंगाने पाडलेली भिंत सारखी दिसत नाही.

ज्यांचे स्मारक नाही, त्यांचे काय?

यादवीची सर्वांत मोठी किंमत भिल्लांनी मोजली. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरवाटांची राखण हे त्यांचे वंशपरंपरागत काम, आणि त्याबद्दल गावांकडून त्यांना हक्क मिळत. १८०२-०३ मध्ये गावेच उठल्यावर हक्क बंद झाले. पोट भरायला लूट उरली. त्यावर पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी काढलेला उपाय भयंकर होता. १८०४ मध्ये खान्देशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना बोलणी करण्यासाठी कोपरगावला बोलावले आणि दगाबाजीने पकडून त्यांना विहिरींत लोटले. इंग्रजी नोंदींत हा आकडा हजारोंचा आहे. नेमका आकडा वादाचा असला तरी घटना वादाची नाही.

इंग्रजांनी पुढे दोन्ही मार्ग वापरले, आधी डोंगरांत फौजा, मग नोकरी. जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने १८२५ मध्ये मोजक्या भिल्ल तरुणांना घेऊन पलटण उभी करायला सुरुवात केली. तिचे ठाणे धरणगाव. जळगाव जिल्ह्यातले हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. शांतता झाली, असे इंग्रजी पुस्तके लिहितात. ती पूर्ण नव्हती. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकाने सेंधव्याच्या घाटापासून सातपुड्यात जो उठाव केला, तो करणारा माणूस एके काळी इंग्रजांच्याच चाकरीत त्या घाटाची राखण करत होता.

कोपरगावच्या विहिरी शोधायला जाणाऱ्याला आज काही सापडणार नाही. खान्देशच्या या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकामा कोपरा आहे.

इतर देश अशा जागांचे काय करतात?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचा फोर्ट समटर, जिथे १२ एप्रिल १८६१ रोजी पहिली तोफ डागली गेली, तो आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे आणि पर्यटक बोटीने तिथे जातात. गेटिसबर्गचे रणांगण १८९५ पासून सरकारी संरक्षणात आहे. कोण कुठे उभे होते, कोण हरले, गुलामगिरीचा प्रश्न काय होता, हे फलकांवर लिहिलेले असते आणि त्यावर भांडणेही होतात. (त्याच युद्धाने अमेरिकी कापूस अडला आणि जळगावची कापूसपेठ भरभराटीला आली, हा आणखी वेगळा विषय.)

आपल्याकडे अडचण दोन प्रकारची आहे. एक, पैसा आणि माणसे. दुसरी अधिक अवघड. परकीयांशी झालेल्या लढाईचा फलक लावणे सोपे असते. शिंदे आणि होळकर, पेशवे आणि भिल्ल यांच्यातल्या लढाईचा फलक लिहायला बसले की प्रत्येक शब्दावर कोणी ना कोणी दुखावते. म्हणून फलकावर ‘प्राचीन किल्ला’ एवढेच उरते.

प्रत्यक्ष जायचे तर कसे?

दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी सुरुवात धुळ्यातील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळापासून करावी. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांसाठी मंडळ १९२७ मध्ये स्थापन झाले. तिथे आधी तासभर घालवला तर पुढचे दगड बोलू लागतात. मग धुळ्याहून दहा किलोमीटरच्या आत, महामार्गाला खेटून असलेला लळिंग. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. १४३७ मध्ये बहमनी फौजेने नसीर खानाला इथेच कोंडले आणि त्याच वर्षी तो वारला. भावाकडून थाळनेर घेणारा तोच हा. लळिंगच्या माथ्यावरून आग्रा रस्ता एका नजरेत येतो. फौजा कुठून यायच्या हे वर उभे राहिल्यावर विचारावे लागत नाही. दुपारनंतर उत्तरेला सोनगीर, तिथून शिरपूरमार्गे थाळनेर. संध्याकाळच्या उन्हात कबरींचे कोरीवकाम चांगले दिसते.

दुसऱ्या दिवशी पारोळा, अंमळनेर आणि धरणगाव. ही तिन्ही गावे एका फेरीत होतात आणि मुक्कामाला जळगाव गाठता येते. ज्यांच्याकडे तिसरा दिवस आहे त्यांनी बुऱ्हाणपूर ओलांडून असीरगडला जावे. तो आज मध्य प्रदेशात असला तरी इतिहासाने खान्देशचाच. एप्रिल १८१९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला आणि या युद्धातला शेवटचा मोठा वेढा संपला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर खान्देशचे ऊन किल्ला पाहू देत नाही, आणि पावसाळ्यात थाळनेरच्या नदीकडच्या मातीच्या कडा निसरड्या होतात, त्यांच्या टोकाशी उभे राहू नये. थाळनेर, पारोळा आणि अंमळनेर ही राहती गावे आहेत. तटाला टेकून घरे आहेत, बुरुजाखाली गुरे बांधलेली असतात. फोटो काढण्याआधी विचारावे. म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द अहिराणीत बोलता आले तर उत्तम. किल्लेदाराला कुठल्या बुरुजावर फाशी दिले, याचे उत्तर गावात एकाहून अधिक ठिकाणी बोट दाखवून मिळू शकते. सगळी ऐकून घ्यावीत.